उतारवयातलं नैराश्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील रोज सकाळी मनगटी घड्याळाला किल्ली द्यायचे आणि मगच दिवसाला सुरुवात करायचे. निवृत्तीनंतरही त्यात खंड पडला नव्हता. एक दिवस ते घड्याळ टेबलावर बंद पडलेलं दिसलं. ते तसं तीन महिने पडून होतं, हे आम्हाला फार नंतर, आठवून आठवून हिशोब लावला तेव्हा कळलं. त्या तीन महिन्यांत आम्ही त्यांच्या पोटाच्या तपासण्या करत फिरत होतो.

तेव्हापासून मी ज्येष्ठांच्या घरच्यांशी या विषयावर बोलत आले आहे. फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

वय झालं की माणूस असा होणारच, नाही का?

नाही. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढतो, नावं पटकन आठवत नाहीत, हे वयाचं. जगण्यातली गोडी निघून जाणं वयाचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगभरात साठी उलटलेल्यांपैकी सुमारे ५.७ टक्के लोकांना नैराश्याचा आजार आहे. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना तो नाही. त्यांचंही वय झालेलंच आहे.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ हा शब्द वापरात आणला. माणसाला त्याच्या वयावरूनच जोखायचं आणि त्याचं बाकी सगळं त्या वयाखाली झाकून टाकायचं, असा त्याचा अर्थ. नैराश्याच्या बाबतीत हे झाकणं घरचे करतात, कधी डॉक्टर करतात आणि सगळ्यात जास्त वेळा ती व्यक्ती स्वतःच करते. ‘आता माझं काय राहिलंय’ हे वाक्य आपण नम्रता समजून सोडून देतो. ते आजाराचं लक्षणही असू शकतं.

साधी उदासी आणि नैराश्याचा आजार यांतला फरक कसा ओळखायचा?

उदासी येते आणि जाते. कुणी आवडीचं माणूस भेटलं, नातवंडाने काही मजेशीर केलं, की चेहरा खुलतो. नैराश्यात तो खुलत नाही, किंवा खुलल्यासारखा दिसतो आणि माणूस गेल्यावर पुन्हा तसाच होतो.

डॉक्टर साधारण असं पाहतात: बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ आणि किमान दोन आठवडे मन खिन्न आहे का, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का. या दोहोंपैकी एक असायला हवं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यांपैकी काही लक्षणं असतात आणि रोजच्या जगण्यात अडथळा येत असतो. सगळी लक्षणं पुरी भरली नाहीत म्हणजे त्रास नाही, असं समजू नका. अर्धवट लक्षणं असलेले ज्येष्ठ पूर्ण आजार असलेल्यांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि त्यांनाही मदतीचा उपयोग होतो.

आई रडत नाही, वाईट वाटतंय असंही म्हणत नाही. तरी नैराश्य असू शकतं?

असू शकतं. उतारवयात हे फार नेहमीचं आहे.

ज्येष्ठ माणूस ‘मी खचलोय’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं. मनाचं दुखणं बोलून दाखवायची सवय नसलेल्या माणसाला शरीराचं दुखणं सांगणं सोपं जातं, कारण त्याला कुणी नावं ठेवत नाही. यात ढोंग नसतं. दुखणं खरंच असतं. नैराश्यात वेदनेची धार वाढते, आणि सतत दुखत राहिलं की नैराश्य वाढतं. माझ्या वडिलांचं पोट खरंच बिघडलेलं होतं. भूक गेली होती, वजन उतरलं होतं. आम्ही पोटाबद्दल विचारलं, त्यांनी पोटाबद्दल सांगितलं. पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहतो, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

काही जणांत ते चिडचिडीच्या रूपात येतं. कधी आवाज न चढवलेला माणूस भांड्याच्या आवाजाने खेकसतो. आणि सगळ्यात फसवं रूप म्हणजे शांतपणा. ‘तुम्ही ठरवा’, ‘मला काहीही चालेल’, ‘माझ्यासाठी थांबू नका.’ घरच्यांना वाटतं, माणूस वयानुसार समजूतदार झाला. प्रत्यक्षात त्याला हवं-नकोच उरलेलं नसतं.

मग घरच्यांनी नेमकं काय पाहायचं?

सुटलेली सवय. प्रत्येक माणसाची दोन-चार कामं अशी असतात की ती तो कुणी न सांगता करतो. त्यांतलं एखादं थांबलं की तारीख लक्षात ठेवा.

माझ्या ओळखीच्या एक बाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज सोडवायच्या, पेनने, खाडाखोड न करता. ते थांबलं. ‘डोळ्यांना दिसत नाही गं’, त्या म्हणाल्या. मुलीने डोळे तपासून आणले, नवा चष्मा आला, अक्षरं स्पष्ट दिसू लागली. कोडं कोरंच राहिलं. खरी खूण इथे आहे. अडचण दूर केल्यावर सवय परत आली, तर प्रश्न त्या अडचणीचा होता. अडचण गेली तरी सवय परतली नाही, तर मनाकडे बघायची वेळ झाली आहे.

उतारवयात नैराश्य कशामुळे येतं?

एकच एक कारण जवळपास कधीच नसतं. बऱ्याच गोष्टी एकमेकींवर चढत जातात आणि शेवटची एखादी क्षुल्लक वाटणारी गोष्ट निमित्त ठरते.

शरीरापासून सुरुवात करू, कारण या वयात शरीराचा वाटा मोठा असतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत ते साधारण पाचांतल्या एकाला येतं. मधुमेह असणाऱ्यांत त्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. पार्किन्सनमध्ये तर हातांची थरथर सुरू होण्याआधीच काही जणांचं मन खचलेलं असतं. संधिवात, जुनाट दम्यासारखे श्वसनाचे विकार, कर्करोग हेही या यादीत येतात. उलट दिशेनेही हे चालतं: नैराश्य असलेला हृदयरोगी गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, आणि त्याचा हृदयरोगही बळावतो.

आजाराच्या नावापेक्षा त्या आजाराने काय हिरावून घेतलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकच गुडघेदुखी दोघांना असते. एक जण काठी घेऊन बाहेर पडतो. दुसऱ्याला जिना उतरता येत नाही, म्हणून त्याचं जग दोन खोल्यांचं होतं. धोका दुसऱ्याला जास्त. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागणं हा नैराश्याशी अगदी घट्ट जोडलेला घटक आहे.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचाही संबंध आहे. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने त्या खराब होतात आणि भावना व उत्साह सांभाळणाऱ्या जोडण्यांना इजा होते, अशी मांडणी १९९७ च्या सुमारास पुढे आली. साठी-सत्तरीत आयुष्यात पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या काही लोकांत हे दिसतं. त्यांच्यात रडण्यापेक्षा निरुत्साह आणि मंदावलेपण जास्त असतं. थायरॉईडचं काम मंदावणं, बी-१२ ची कमतरता, हिमोग्लोबिन कमी होणं यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणं दिसतात, आणि ही साध्या रक्ततपासणीत सापडतात. काही औषधांचा, उदाहरणार्थ स्टेरॉइडचा, मनावर परिणाम होतो. दारूचाही होतो.

मग येतं आयुष्य. जोडीदार जाणं, मित्र एकेक करून कमी होणं, निवृत्तीनंतर ‘मी कोण’ याचं उत्तर हरवणं, सवयीचं घर सोडून नव्या जागी जावं लागणं, पैशाची ओढाताण, आजारी जोडीदाराची दिवसरात्र सेवा. बायकांमध्ये नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, आणि तरुणपणी कधी येऊन गेलं असेल तर पुन्हा येण्याची शक्यता वाढते. एका कारणावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो: टाकून बोलणं, पैसे काढून घेणं, दुर्लक्ष करणं, हात उगारणं. बहुतेकदा हे करणारं माणूस जवळचंच असतं. म्हणून ज्येष्ठ व्यक्तीशी डॉक्टरांनी काही वेळ एकट्याने बोलायलाच हवं. घरच्यांनी त्याचा राग मानू नये.

यांना काय कमी आहे? मुलं चांगली आहेत, पैसा आहे. मग नैराश्य कसं?

सगळं असलेल्या माणसालाही मधुमेह होतो. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य कृपा करून बोलू नका. ऐकणाऱ्याला दुःख तर असतंच, त्यावर कृतघ्न असल्याची लाजही चढते, आणि पुढच्या वेळी तो काहीच सांगत नाही.

ऐकू कमी येण्याचा आणि नैराश्याचा खरंच संबंध आहे?

आहे, आणि तो फार दुर्लक्षित आहे. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याबरोबर जेवायला बसून पाहा. चौघे बोलत असतात. त्याला अर्धे शब्द कळतात. एकदा ‘काय म्हणालास?’ विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो. तिसऱ्यांदा समोरचा म्हणतो, ‘काही नाही, जाऊ दे.’ सगळे हसतात, म्हणून तोही हसतो. काही महिन्यांनी तो जेवण आधी उरकून खोलीत जायला लागतो. कानाचा दोष, पण माणूस घरातून वजा होतो.

नजर कमी होण्याचंही तसंच. म्हणून मन खचलंय असं वाटलं की कान आणि डोळे तपासून घ्या. कानात मळ साचलेला असणं, मोतीबिंदू पिकलेला असणं, या गोष्टी हाताळता येण्यासारख्या आहेत. कानाचं यंत्र आणल्यावर ते ड्रॉवरमध्ये पडून राहू नये म्हणून पहिले काही आठवडे सोबत बसा. सुरुवातीला सगळे आवाज कर्कश वाटतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

एकटं राहणाऱ्यांनाच हे होतं का?

नाही. एकटं राहणं वेगळं आणि एकटेपणा वेगळा. एकटी राहणारी, दहा लोकांच्या संपर्कात असलेली व्यक्ती मजेत असू शकते. भरल्या घरात दिवसभरात ‘गोळी घेतली का?’ एवढं एकच वाक्य ज्याच्या वाट्याला येतं, तो एकटा असतो. आपल्या घरातल्या ज्येष्ठांशी आज आपण गोळ्या, जेवण आणि तब्येत सोडून कशावर बोललो, एवढं आठवून पाहा.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. आई अजून सावरली नाही. हे दुःख आहे की नैराश्य?

दुःखाला मुदत घालता येत नाही, आणि घालूही नये. पन्नास वर्षांची सोबत सुटल्यावर माणूस वर्षभर हळवा राहिला तर त्यात आजार शोधायची गरज नाही.

फरक साधारण असा दिसतो. दुःख लाटांसारखं येतं: एखादा वास, एखादी तारीख, कपाटातला सदरा, आणि भडभडून येतं. मधल्या वेळात माणूस बोलतो, आठवणी सांगता सांगता हसतोही. त्याची ओढ गेलेल्या माणसाकडे असते. नैराश्यात सपाटपणा असतो. माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो, ‘मीच काळजी घेतली नाही’ हे सोडत नाही, सगळ्यांतूनच मन काढून घेतो.

लांबलेला शोक हे वेगळं निदानही आता मान्य झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये त्याचा समावेश करताना प्रौढांसाठी बारा महिन्यांची अट ठेवली. म्हणजे तज्ज्ञांमध्येही यावर एकच रेघ नाही. माझं सांगणं एवढंच: महिने मोजू नका. आई जेवते का, झोपते का, स्वतःची स्वच्छता राखते का, ‘मलाही ने’ असं देवाला म्हणते की ‘मी जाणारच आहे’ असं तुम्हाला म्हणते, हे पाहा. यांत बिघाड दिसला तर दोन महिन्यांनीही डॉक्टरांकडे जा.

विसरायला लागले आहेत. हे नैराश्य की डिमेन्शिया?

दोन्ही असू शकतं आणि दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून घरी निकाल लावू नका. काही खुणा मात्र उपयोगी पडतात. नैराश्यात विसरणं काही आठवड्यांत सुरू झालेलं असतं, घरच्यांना साधारण महिना सांगता येतो. माणूस स्वतःच तक्रार करतो, ‘माझं डोकं चालत नाही.’ प्रश्न विचारला की प्रयत्न न करता ‘माहीत नाही’ म्हणतो. डिमेन्शिया हळूहळू, वर्षावर्षाने सरकतो. त्यात माणूस बरेचदा चूक झाकतो, चुकीचं उत्तर ठामपणे देतो, आणि तक्रार तो स्वतः करत नाही, घरचे करतात.

नैराश्यावर उपचार झाले की त्यातलं विसरणं बरंच सुधारतं. तरीही पुढची काही वर्षं स्मरणशक्तीवर लक्ष ठेवा, कारण उतारवयात पहिल्यांदा आलेलं नैराश्य कधी कधी डिमेन्शियाची पूर्वसूचना असते.

दोन दिवसांतच बदलले. बरळतात, दिवसा झोपतात, माणसं ओळखत नाहीत. हेही नैराश्यच का?

बहुधा नाही, आणि वाट पाहू नका. तासांत किंवा दिवसांत झालेला असा बदल म्हणजे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवं औषध, डोक्याला मार अशा कशाचा तरी परिणाम असतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

निदान कसं होतं? काही मशीन, स्कॅन वगैरे?

निदान बोलण्यातून होतं. रक्ततपासणी दुसरी कारणं शोधण्यासाठी असते. स्कॅन सगळ्यांना लागत नाही.

ज्येष्ठांसाठी खास तयार केलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती ३० प्रश्नांची होती, १९८६ मध्ये १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिची एक गोष्ट मला फार आवडते: तिच्यात भूक किंवा वेदना असे शारीरिक प्रश्न मुद्दाम टाळलेले आहेत, कारण या वयात ती लक्षणं दुसऱ्या आजारांमुळेही असतात. समाधान, रितेपणा, कंटाळा, आशा यांबद्दल ती विचारते. पंधरापैकी पाचांपेक्षा जास्त गुण आले तर पुढे नीट तपासणी करावी, असा संकेत आहे. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

जाताना सगळ्या औषधांची पिशवीच सोबत न्या. चिठ्ठ्यांवर लिहिलेली औषधं आणि प्रत्यक्षात पोटात जाणारी औषधं यांत बरेचदा तफावत असते.

या वयात मानसिक आजाराच्या गोळ्या झेपतील का? सवय लागली तर?

नैराश्यविरोधी गोळ्यांचं व्यसन लागत नाही. जास्त घ्यावीशी वाटणं, त्याशिवाय तलफ येणं, असं काही होत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होते, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

झेपण्याचा प्रश्न रास्त आहे. ज्येष्ठांना डोस कमी प्रमाणात सुरू करून सावकाश वाढवतात. सरट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही साधारणपणे आधी विचारात घेतली जाणारी औषधं. पहिल्या काही दिवसांत मळमळ, पोट बिघडणं होतं आणि बहुतेकदा ओसरतं. तीन गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पहिली, रक्तातलं सोडियम: या औषधांनी ते ज्येष्ठांमध्ये उतरू शकतं, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. गोंधळ, डोकेदुखी, तोल जाणं दिसलं तर लगेच कळवा. सुरुवातीच्या आठवड्यांत सोडियमची तपासणी करून घेणं चांगलं. दुसरी, पडणं. तिसरी, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि गोंधळ होऊ शकतो, म्हणून ती या वयात जपून देतात.

गुण कधी येतो? दोन आठवडे झाले, काहीच फरक नाही.

दोन आठवडे कमी आहेत. चार ते सहा आठवडे लागतात, उतारवयात कधी आठ-दहा किंवा बारासुद्धा. गोळीचे दुष्परिणाम पहिल्या दिवसापासून येतात आणि गुण महिन्याने येतो, त्यामुळे बरेच जण मधेच सोडतात. या महिन्यात घरच्यांची खरी गरज असते.

सुधारणा सरळ रेषेत येत नाही. आमच्याकडे पहिली खूण अशी होती की वर्तमानपत्र उशिरा आलं म्हणून वडील कुरकुरले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. कितीतरी महिन्यांनी त्यांना काहीतरी हवं होतं.

बरं वाटल्यावरही औषध किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. आजार पूर्वीही येऊन गेला असेल तर त्याहून जास्त.

डॉक्टरांनी नुसती झोपेची गोळी दिली तर चालेल?

काही रात्रींपुरती कधी लागते. पण ती नैराश्यावरचा उपाय नाही. उतारवयात तिच्यामुळे तोल जाऊन पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरणं वाढणं असे धोके असतात, आणि हिची सवय मात्र लागते.

गोळ्यांशिवाय काही उपाय आहेत का?

आहेत, आणि सौम्य नैराश्यात बरेचदा आधी तेच करतात. मध्यम आणि तीव्र आजारात ते औषधांच्या जोडीला असतात. सत्तरीच्या माणसाला समुपदेशनाचा काय उपयोग, असं विचारतात. उपयोग होतो. विचारांची पद्धत तपासणारी उपचारपद्धती, अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणारी पद्धत, या दोन्ही ज्येष्ठांमध्ये उपयोगी ठरल्या आहेत. रॉबर्ट बटलर यांनीच १९६३ मध्ये मांडलं होतं की म्हातारपणी जुन्या आठवणींत जाणं हे कामाचं असतं, त्यातून माणूस आयुष्याचा ताळेबंद लावत असतो. त्यावरून स्मृतींवर आधारलेल्या उपचारांना चालना मिळाली. तेव्हा आजोबा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असतील तर ऐका, आणि एखादा नवा प्रश्न विचारा.

घरी करता येण्याजोगं सगळ्यात परिणामकारक काम म्हणजे कृतीपासून सुरुवात. नैराश्यातला माणूस म्हणतो, ‘मन लागेल तेव्हा करीन.’ या आजारात गाडी उलटी चालते. आधी थोडं करावं लागतं, मन मागून येतं. पण थोडं म्हणजे खरंच थोडं. ‘रोज फिरायला जा’ हा डोंगर आहे. ‘दारापर्यंत चला, चपला घालून दोन मिनिटं उभे राहू, मग परत’ हे जमतं. दुसऱ्या आठवड्यात पायऱ्या, तिसऱ्या आठवड्यात कोपरा. वेळ ठरलेली असावी आणि सोबत कुणीतरी असावं. नियमित व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे, आणि तोल सुधारून पडणं कमी होतं हा फायदा वेगळाच.

घरातलं एखादं काम त्यांच्याकडे परत द्या. आपण प्रेमाने सगळी कामं काढून घेतो: ‘तुम्ही आराम करा.’ दिवसभर आराम करणाऱ्या माणसाला उठायचं कशासाठी?

आणि एकदाच डॉक्टरांकडे जाऊन थांबू नका. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साठीपुढचे १८०१ रुग्ण होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नेहमीच्या डॉक्टरांबरोबर एक प्रशिक्षित व्यक्ती मिळाली. ती ठरावीक दिवसांनी चौकशी करायची, गुण येत नसेल तर उपचार बदलायला लावायची. वर्षाअखेरीस लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून कमी झालेल्यांचं प्रमाण या गटात ४५ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांत १९ टक्के. मागे लागणारं माणूस असणं, एवढ्याने इतका फरक पडतो. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर ते माणूस घरातलं कुणीतरी होऊ शकतं.

डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली. इतकं वाईट आहे का?

नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण आज ही प्रक्रिया भूल देऊन, स्नायू शिथिल करून केली जाते. खाणंपिणं सोडलेल्या, भ्रम होणाऱ्या, जिवाला धोका असलेल्या ज्येष्ठांमध्ये ती औषधांपेक्षा लवकर आणि चांगली लागू पडते. काही काळ विसरणं वाढतं, त्याबद्दल आधी मोकळेपणाने विचारा.

डॉक्टरांकडे यायला तयारच नाहीत. ‘मी वेडा नाही’ म्हणतात.

वाद घालू नका. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं म्हणून कुणी तयार होत नाही. त्यांना जो त्रास वाटतो, तो धरून बोला. माझे वडील झोपेसाठी यायला तयार झाले. पहिल्यांदा नेहमीच्या, विश्वासाच्या डॉक्टरांकडेच न्या, आणि लपवून औषध देऊ नका. कळलं तर विश्वास कायमचा जातो.

‘आता देवाने न्यावं’ असं म्हणतात. हे गंभीर समजायचं का?

ज्येष्ठ माणसं मरणाबद्दल बोलतात, आणि शांतपणे बोलणं निरोगीही असू शकतं. पण विचारल्याशिवाय फरक कळत नाही. सरळ विचारा: ‘आयुष्य संपवावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट, सांगायला जागा मिळाल्याने माणसाला हलकं वाटतं.

उतारवयात आत्महत्येचे प्रयत्न तरुणांपेक्षा कमी होतात, पण त्यांत जीव जाण्याचं प्रमाण जास्त असतं. एकटे पडलेले, जोडीदार गमावलेले, नुकतंच मोठ्या आजाराचं निदान झालेले वयस्क पुरुष यांच्याबाबत जास्त जागरूक राहा. वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रांची घाईने आवराआवर, निरोपासारखं बोलणं, जीवरक्षक औषधं किंवा अन्न नाकारणं, बरेच दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक आलेली शांतता, यांकडे दुर्लक्ष करू नका. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि घातक वस्तू कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर, आपत्कालीन विभाग किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनची मदत घ्या.

मी त्यांची काळजी घेते. आता मलाच काही सुचेनासं झालंय.

हे सांगितलंत हे बरं केलंत. काळजी घेणाऱ्यांतही नैराश्याचं प्रमाण जास्त असतं, आणि काळजी घेणारी व्यक्ती स्वतःच साठीची असेल तर दुहेरी. आठवड्यातले काही तास दुसऱ्या कुणावर सोपवा, भावंडांना ठरावीक काम आणि ठरावीक वार सांगा. ‘जमेल तेव्हा ये’ म्हटलं की कुणी येत नाही. पुढच्या वेळी त्यांना दाखवायला न्याल तेव्हा स्वतःबद्दलही बोला.

मी स्वतः बहात्तर वर्षांचा आहे. यातलं बरंच माझ्याबाबत खरं वाटतंय. कुणाला सांगायचं धाडस होत नाही.

मग आधी कागदावर लिहा. रात्री किती वाजता झोप लागते, किती वाजता जाग येते. वजन कमी झालंय का. चालू असलेली सगळी औषधं. कुठली आवडीची गोष्ट कधीपासून सोडली. आणि शेवटच्या ओळीत, जे वाटतं ते तुमच्या शब्दांत: कशातच मन लागत नाही, पहाट खायला उठते, काहीही असो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर ‘काय त्रास होतो?’ असं विचारतील. तोंडातून ‘जरा गुडघा दुखतो’ निघालं, तरी हरकत नाही. गुडघा दाखवून झाला की खिशातला कागद काढून पुढे करा.